करदाता कोणास म्हणावे

करशास्त्रावरील ग्रंथांत करदाता या शब्दाची व्याख्या सहसा पहिल्या दोन-तीन पानांतच आटोपलेली असते, कारण ग्रंथकारांच्या मते तो प्रश्न सोपा आहे: जो कर देतो तो करदाता. तेलंगणच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या काठी वसलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात ही व्याख्या लावून पाहू गेल्यास मात्र पंचाईत होते. तेथे, आणि खरे तर देशभरच, व्यवहारात करदाता म्हणून ओळखला जातो तो जुलै महिना उजाडला की सीएच्या कार्यालयात खेपा घालणारा आणि सरकारी दवाखान्याची गळकी भिंत दिसली की ‘आमच्या पैशांतून’ अशी प्रस्तावना करून बोलू लागणारा मनुष्य. आणि बेला किंवा जैनथ मंडलात पाच एकर कपाशी लावणारा, कीटकनाशकाची बाटली, पंपावरचे डिझेल, मोबाइलचे रिचार्ज आणि अंगाचा साबण यांतल्या प्रत्येकावर कर मोजणारा शेतकरी सरकारदरबारी ओळखला जातो तो लाभार्थी म्हणून. एकाने द्यायचे आणि मान ताठ ठेवायची, दुसऱ्याने घ्यायचे आणि ओशाळायचे, अशी ही वाटणी असून, हिशेबाची वही उघडून बसले की ती पहिल्याच पानावर डळमळू लागते.

कर दोन जातींचे असतात. प्रत्यक्ष कर म्हणजे ज्याच्यावर बसवला त्यानेच भरायचा कर, जसा आयकर. तो नाव, गाव, पॅन क्रमांक विचारून घेतला जातो आणि भरल्याची पावती मिळते. अप्रत्यक्ष कर म्हणजे वस्तूच्या किमतीत मुरवलेला कर, जसा १ जुलै २०१७ पासून लागू झालेला वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी. तो दुकानदार भरतो, गिऱ्हाईक सोसते, आणि गिऱ्हाइकाचे नाव कोणी विचारत नाही. दहा रुपयांच्या साबणाच्या वेष्टनावर किमतीशेजारी ‘सर्व करांसहित’ हे दोन शब्द मुंगीच्या अक्षरांत छापलेले असतात, आणि देशातल्या बहुसंख्य करदात्यांना करभरणा केल्याबद्दल मिळणारी पावती ती एवढीच. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत अंगाच्या साबणावर १८ टक्के कर होता, तेव्हा त्या दहा रुपयांत १ रुपया ५३ पैसे सरकारचे होते. त्या दिवसापासून कर ५ टक्क्यांवर आला, तेव्हा दहा रुपयांच्या साबणात आता ४८ पैसे सरकारचे. जिनिंग कारखान्याचा मालक आणि त्याच्याच कारखान्यातला हमाल एकाच दुकानातून तोच साबण नेतात तेव्हा दोघेही ४८ पैसेच देतात, आणि मालकाचे उत्पन्न शंभरपट असले तरी त्याने दिवसातून शंभरदा अंघोळ करावी अशी अपेक्षा कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाला करता येत नाही. ज्या कराचा भार कमी उत्पन्नावर जास्त आणि जास्त उत्पन्नावर कमी पडतो त्याला शास्त्रात प्रतिगामी कर म्हणतात, आणि उत्पन्नाबरोबर ज्याचा दर चढतो त्याला प्रगतिशील कर. साबण या अर्थाने प्रतिगामी ठरतो, त्याची स्वतःची काही राजकीय मते नसतानाही.

हिऱ्याचे तसे नाही. साबणावर १८ टक्के कर असताना पैलू पाडलेल्या हिऱ्यावर दीड टक्का होता आणि खाणीतून आलेल्या कच्च्या हिऱ्यावर पाव टक्का. या दरांना कारण आहे, आणि ते अगदीच पोकळ नाही: हिऱ्याचा धंदा निर्यातीवर चालतो, आणि हिरा मुठीत मावतो, त्यामुळे दर चढवला तर तो चोरवाटेने जाऊ लागतो अशी भीती सरकारला वाटते. साबण कुठे पळून जाऊ शकत नाही; तो फार तर विरघळतो. करशास्त्राचा एक मोठा नियम येथे हाती लागतो, तो असा की कराचा दर वस्तूच्या किमतीवर जितका अवलंबून असतो तितकाच तिच्या पळण्याच्या वेगावर.

हा नियम आदिलाबादने जीएसटीच्या कितीतरी आधी अनुभवलेला आहे. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता, आणि करन्यायाच्या अभ्यासकाला याहून सोयीचे राज्य शोधून सापडणार नाही, कारण जगातला सर्वांत श्रीमंत मानला जाणारा मनुष्य आणि गुरे चारण्याबद्दल कर भरणारा मनुष्य एकाच सरहद्दीच्या आत नांदत होते. पहिल्याचे, म्हणजे निजाम मीर उस्मान अली खान यांचे चित्र २२ फेब्रुवारी १९३७ च्या ‘टाइम’ साप्ताहिकाने मुखपृष्ठावर छापले होते. त्यांच्याकडे जेकब नावाचा १८४.७५ कॅरेटचा हिरा होता. तो त्यांना वडिलांच्या जोड्याच्या टोकात सापडला असे सांगतात, आणि पुढे त्यांनी तो टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून पेपरवेटसारखा वापरला. राज्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याचा महसूल ‘सर्फ-ए-खास’ या नावाने थेट निजामाच्या खाजगी खर्चाकडे जात असे. संस्थानात आयकराचा कायदा आला तो अगदी अखेरच्या काळात, फसली १३५७ मध्ये, म्हणजे त्या महसुली कालगणनेत ५९० मिळवले असता इसवी सन १९४७ च्या सुमारास. बैल गेल्यावर झोपा करावा त्याप्रमाणे राज्य हातचे जाण्याच्या बेतात असताना उत्पन्न मोजण्याची व्यवस्था झाली.

दुसरा मनुष्य जोडेघाटच्या डोंगरात राहत होता. जंगल राखीव झाल्यावर गोंड आणि कोलाम लोकांना पिढ्यानपिढ्या ज्या रानात गुरे चारली त्याच रानात गुरे चारण्याबद्दल आणि चुलीसाठी सरपण आणल्याबद्दल पैसे मागितले जाऊ लागले, आणि पिकाखाली आणलेल्या जमिनीही बेकायदा ठरू लागल्या. याविरुद्ध कोमराम भीम यांनी जल, जंगल, जमीन ही मागणी पुढे केली आणि १९४० मध्ये जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात ते मारले गेले. त्यानंतर सरकारला गोंडांचे नेमके काय दुखते हे जाणून घेण्याची इच्छा झाली आणि त्यासाठी क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे काम सोपवण्यात आले. हायमेनडॉर्फ यांनी ते काम मनापासून केले, मारलवाई गावी मुक्काम ठोकला, आणि त्यांच्या अहवालांनंतर अनेक कुटुंबांना जमिनीचे पट्टेही मिळाले. पण चराईचा पैसा जड जातो हे कळण्यासाठी व्हिएन्नाहून विद्वान यावा लागला, ही गोष्ट राज्यकारभाराच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखी आहे. गाय उघड्या माळावर उभी असते, तिला चार पाय आणि दोन शिंगे असतात आणि ती मोजणाऱ्यासमोरून हलत नाही. जोड्याच्या टोकातला हिरा मोजायला प्रथम जोडा काढायला सांगावे लागते, आणि राजाला जोडा काढायला सांगणार कोण हा प्रश्न प्रशासनशास्त्राने अजून सोडवलेला नाही.

निजामाच्या संपत्तीचा पुढचा प्रवासही बोधप्रद आहे. विलीनीकरणानंतर माजी राजांना मिळणाऱ्या तनख्यावर कोणताही आयकर लागणार नाही, असे राज्यघटनेच्या २९१ व्या कलमातच लिहून ठेवले होते, आणि ही सोय १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीपर्यंत टिकली. १९६५ च्या युद्धाच्या वेळी निजामाने देशाला पाच टन सोने दान केल्याची कथा आजही सांगितली जाते. कागदपत्रे सांगतात ते असे की ४२५ किलो सोने सुवर्णरोख्यांत साडेसहा टक्के व्याजाने गुंतवले होते. यात गैर काही नाही, पण एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे: सामान्य मनुष्य सरकारला पैसा देतो, श्रीमंत मनुष्य सरकारला पैसा उसना देतो, आणि दोघांचेही देशप्रेम सारखेच वाखाणले जाते. जेकब हिरा अखेर १९९५ मध्ये भारत सरकारच्या ताब्यात आला, निजामाच्या इतर जवाहिरासह, २१८ कोटी रुपये मोजून. चराईचा पैसा वसूल झाला होता. हिरा विकत घ्यावा लागला.

शेतकऱ्यावरील करातली ही मेख मराठी मुलखात सर्वांत नेमक्या शब्दांत मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. प्रांतिक अर्थव्यवस्थेवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवलेला हा अर्थशास्त्रज्ञ मुंबईच्या विधिमंडळात आला आणि २४ फेब्रुवारी १९२७ रोजी अर्थसंकल्पावर बोलताना त्याने दाखवून दिले की आयकर भरणाऱ्याला त्या वर्षी उत्पन्नच झाले नाही तर त्याला कर नाही, पण शेतसारा मात्र पीक बुडाले तरी द्यायचा आणि जमीन कितीही थोडी असली तरी द्यायचा. शेतसाऱ्याचे ओझे आता नाममात्र उरले आहे, आणि म्हणून हा भेद संपला असे समजण्याचा मोह होतो. कपाशीच्या शेतात उभे राहून पाहिले तर तो संपलेला नाही, त्याने फक्त कपडे बदलले आहेत. रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के जीएसटी आहे आणि तो जुलै-ऑगस्टमध्ये, बोंडे लागण्याच्या कितीतरी आधी, कृषी केंद्राच्या काउंटरवर भरला जातो; पुढे पैनगंगेला पूर येऊन काठच्या शेतातली कपाशी आठवडाभर पाण्याखाली राहिली तर फवारलेले औषध वाहून जाते, त्यावरचा कर तेवढा सुखरूप तिजोरीत पोचलेला असतो.

येथे ‘इनपुट टॅक्स क्रेडिट’ ही संज्ञा समजावून घेणे आवश्यक आहे, कारण जीएसटीचे सगळे सौंदर्य तिच्यात साठवलेले आहे असे जाणकार म्हणतात. व्यापारी किंवा कारखानदार कच्चा माल घेताना जो कर भरतो तो पुढे माल विकताना लागणाऱ्या करातून वजा करून घेतो, त्यामुळे करावर कर चढत नाही. आदिलाबादचा जिनिंग कारखाना शेतकऱ्याकडून कापूस घेतो तेव्हा त्यावरचा ५ टक्के कर ‘रिव्हर्स चार्ज’ पद्धतीने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरण्याच्या पद्धतीने, नोव्हेंबर २०१७ पासून कारखानदारच भरतो, आणि रुई व सरकी विकताना तो वळता करून घेतो. शेतकऱ्याला कर लागत नाही, असे यावरून अभिमानाने सांगितले जाते. पण शेतकऱ्याची जीएसटीत नोंदणी नसल्यामुळे औषधावर, खतावर, फवारणी पंपावर त्याने जो कर भरला तो त्याला कोणाकडूनच वळता करून घेता येत नाही. साखळीतल्या प्रत्येकाने आपल्या अंगावरचा कर पुढच्याच्या अंगावर ढकलायचा या खेळात तो एकटाच असा गडी आहे की ज्याच्यापुढे ढकलायला कोणी उभा नाही, कारण त्याच्या मालाचा भाव तो ठरवत नाही. डिझेल तर जीएसटीच्या बाहेरच आहे. त्यावर तेलंगण सरकारचा २७ टक्के आणि पेट्रोलवर ३५.२० टक्के व्हॅट केंद्राच्या उत्पादन शुल्काव्यतिरिक्त लागतो, आणि पैनगंगेचा पूल ओलांडून पांढरकवड्याच्या दिशेला लागले की सरकार बदलते, तसा पंपावरचा आकडाही बदलतो.

मोजमापाची अचूकता पाहायची असेल तर हंगामात आदिलाबादच्या कापूस बाजाराचे यार्ड पाहावे. पहाटेपासून ट्रॅक्टर आणि टेम्पो वजनकाट्यापुढे रांग लावून उभे असतात, माल झाकायला आणलेल्या चादरीखालून पांढरा कापूस डोकावत असतो, आणि मालक चाकाला टेकून बिडी ओढत स्वतःच्या पाळीची वाट पाहतो. पाळी आली की कर्मचारी एक छोटे यंत्र घेऊन येतो, त्याची सळई कापसात खोल खुपसतो आणि पडद्यावर ओलाव्याचा आकडा दशांशासह उमटतो: साडेनऊ, अकरा दशांश चार, बारा दशांश सात. कापूस महामंडळाच्या नियमाप्रमाणे ८ टक्के ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव, जो २०२५-२६ साली लांब धाग्यासाठी क्विंटलला ८,११० रुपये होता. ८ च्या पुढे दर टक्क्याला कपात. आणि १२ च्या पुढे खरेदीच नाही. बारा दशांश सात ऐकून मालक खाली वाकतो, मूठभर कापूस उचलतो, दाबून पाहतो आणि परत ठेवतो. यंत्राशी वाद घालण्याची पद्धत नाही. शेतकऱ्याच्या मालात पाणी किती हे सरकारला एक दशांशापर्यंत कळते. मोठ्या उलाढालीच्या ताळेबंदांत पाणी किती हे सळई खुपसून सांगणारे यंत्र अद्याप बाजारात आलेले नाही, आणि आल्यास त्यावर १८ टक्के कर लावून ते महाग केले जाईल अशी शंका येते. ज्या वर्षी हा हमीभाव जाहीर झाला त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ झाले, ती माफी पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली, आणि हा काळ म्हणजे आदिलाबादचा कापूस बाजारात येण्याचा काळ. करमाफीही असते, ती कोणत्या महिन्यात द्यायची याचे पंचांग वेगळे असते.

शुद्ध समता पाहण्याची इच्छा असणाऱ्याने व्यवसाय कराचा अभ्यास करावा. नोकरी किंवा धंदा करण्याबद्दल राज्याने घ्यायचा हा कर असून राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने त्याला माणशी वार्षिक कमाल मर्यादा घातली आहे. ती १९५० साली २५० रुपये होती, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० रुपये झाली, आणि नंतर महागाई, पगार, सरकारे आणि राज्यांच्या सीमा यांतले सगळे बदलले तरी ती जागची हलली नाही. तेलंगणात महिना १५,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला हा कर नाही, १५,००१ ते २०,००० ला महिना १५० रुपये आणि २०,००० च्या वर महिना २०० रुपये. आदिलाबादच्या एखाद्या कार्यालयात २१,००० रुपयांवर काम करणारा संगणक चालक वर्षाला २,४०० रुपये भरतो; हैदराबादेत काचेच्या इमारतीच्या अठराव्या मजल्यावर बसून वर्षाला दोन कोटी मिळवणारा संचालकही २,४०० रुपयेच भरतो. पहिल्याच्या उत्पन्नाचा हा जवळजवळ एक टक्का, दुसऱ्याच्या उत्पन्नाचा ०.०१२ टक्का, म्हणजे लहान माणसाचा भार प्रमाणाने सुमारे ८० पट. या कराची आणखी एक गंमत अशी की १५,००० रुपये पगाराच्या शिपायाला मालकाने खूश होऊन एक रुपया वाढ दिली, तर ती वाढ त्याला महिना १५० रुपयांना पडते. असा मालक उदार की खट्याळ हे ठरवणे कठीण जाईल. संचालकाच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की हा कर कमी पडतो अशी तक्रार त्याने कधी केली नाही तरी जास्त पडतो अशीही केलेली नाही.

श्रीमंतांवर कर बसवण्याचा प्रयत्नच झाला नाही असे कोणी म्हणेल तर ते अन्यायाचे होईल. निकोलस काल्डोर या केंब्रिजच्या अर्थशास्त्रज्ञाच्या १९५६ च्या अहवालानंतर १९५७ साली संपत्ती कर आला, त्याच वर्षी खर्चावरचा कर आला, पुढच्या वर्षी बक्षीस कर. मृताच्या मालमत्तेवरचा कर तर १९५३ पासूनच होता. १९७३-७४ मध्ये आयकराचा सर्वांत वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर पोचला, म्हणजे त्या टप्प्यावर मिळवलेल्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये मिळवणाऱ्याचे. आणि साहजिकच त्या टप्प्यावर पैसा मिळवल्याचे कबूल करणारी माणसे फार थोडी निघाली. मग माघार सुरू झाली. मृत्यूनंतरचा कर १९८५ ला गेला, बक्षीस कर १९९८ ला गेला. संपत्ती करातून १९९३ साली शेअर वगळले गेले आणि दागिने, मोटारी, जादाची घरे असे ‘अनुत्पादक’ सामान उरले, आणि २०१५ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी तोही रद्द करताना सांगितले की २०१३-१४ मध्ये त्यातून देशभरातून जेमतेम १,००८ कोटी रुपये आले होते. युक्तिवाद बिनतोड होता: वसुली थोडी, त्रास फार, म्हणून कर नको. फक्त हा युक्तिवाद जोडेघाटच्या चराईला कोणी लावला नव्हता, जिथे वसुली याहून थोडी आणि त्रास याहून फार होता. आणि तेंदूपत्त्यालाही तो बराच उशिरा लागला. उन्हाळ्यात पहाटे रानात जाऊन तेंदूची पाने खुडायची, पन्नास-पन्नासांच्या जुड्या बांधून फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, आणायच्या, हे उटनूर भागातल्या कितीतरी घरांचे वर्षातले रोख पैशाचे काम; त्या पानावर २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत १८ टक्के जीएसटी होता, पैलू पाडलेल्या हिऱ्याच्या बारापट.

पगारदाराची कथा मधली आहे आणि ती थोडक्यात सांगितली तरी चालेल, कारण पगारदार ती स्वतः रोज सविस्तर सांगतो. त्याच्या बाबतीत ‘उगमस्थानी करकपात’ ही पद्धत वापरतात, म्हणजे पगार हातात पडण्याआधीच कर कापला जातो, जसे वासराला सोडण्याआधीच गाय पिळून घ्यावी. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत आयकर उरलेला नाही, त्यामुळे आदिलाबादमधल्या पुष्कळ शिक्षकांचा आयकराशी संबंध विवरणपत्रापुरता राहिला. पण वरच्या टप्प्यात २४ लाखांपुढच्या पगाराला ३० टक्के दर लागतो, आणि शेअर वर्षभर जवळ ठेवून विकल्यावर होणाऱ्या नफ्याला, सव्वा लाख वगळून, १२.५ टक्के. या दोन दरांकडे एकत्र पाहिले असता शास्त्र असे सुचवते की घाम गाळून मिळवलेला रुपया हा वाट पाहून मिळवलेल्या रुपयापेक्षा सरकारला अधिक चवदार लागतो. २०२३-२४ मध्ये व्यक्तींनी भरलेला आयकर सुमारे साडेदहा लाख कोटींच्या आसपास आणि कंपन्यांचा सुमारे नऊ लाख कोटी होता. त्याआधी २०१९ मध्ये कंपन्यांचा मूळ दर २२ टक्क्यांपर्यंत खाली आणण्यात आला होता.

शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, हा शेतकऱ्यावरचा मोठा उपकार म्हणून नेहमी सांगितला जातो. १९६१ च्या आयकर कायद्याच्या दहाव्या कलमातच ती सूट दिली गेली. पाच एकर कोरडवाहू कपाशीवाल्याला ती सूट नसती तरी कर लागला नसता, कारण त्याचे उत्पन्न कोणत्याही टप्प्याच्या जवळपास फिरकत नाही. सूट खऱ्या अर्थाने कामी येते ती ज्याचे उत्पन्न करपात्र होण्याइतके मोठे आहे त्याला, आणि काही उत्पन्ने तर शेतात कमी आणि विवरणपत्रात जास्त पिकतात. हे ओळखून के. एन. राज समितीच्या शिफारशीनंतर १९७३ मध्ये एक मधला मार्ग काढला गेला, ज्याला अंशतः एकत्रीकरण म्हणतात: इतर उत्पन्न असणाऱ्याचे शेतीचे उत्पन्न फक्त कराचा दर ठरवण्यापुरते मिळवायचे, त्यावर कर मात्र घ्यायचा नाही, म्हणजे शेतीच्या उत्पन्नाने पंगतीत बसायचे, पण जेवायचे नाही.

देण्याच्या बाजूलाही हाच हिशेब दिसतो, आणि तो आदिलाबादने ताजा पाहिलेला आहे. मे २०१८ मध्ये तेलंगण सरकारने ‘रयतू बंधू’ योजना सुरू केली. पेरणीसाठी दर हंगामाला एकरी ४,००० रुपये, पुढे ५,००० रुपये, थेट खात्यावर. योजना चांगली होती, पेरणीच्या तोंडावर सावकाराचे दार टाळता येण्याइतका पैसा हाती येई, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र तिला जमिनीची कमाल मर्यादा नव्हती. पाच एकरवाल्याला वर्षाला ५०,००० रुपये, पन्नास एकरवाल्याला ५ लाख, आणि दुसऱ्याची जमीन मक्त्याने घेऊन प्रत्यक्ष नांगर धरणाऱ्याला शून्य, कारण सातबाऱ्यासारखा कागद त्याच्या नावावर नाही. कोरडवाहू जमिनीसाठी कमाल धारणा कायद्याची सीमाही ५४ एकरांपर्यंत जाते, त्यामुळे पन्नास एकरवाला पूर्णपणे कायदेशीर होता. आणि ज्यांना गरज नाही त्यांनी रक्कम स्वखुशीने परत करावी यासाठी एक अर्जही ठेवलेला होता. कापसाच्या ओलाव्यासाठी यंत्र, आणि श्रीमंताच्या गरजेसाठी अर्ज. २०२५ पासून योजनेचे नाव ‘रयतू भरोसा’ झाले, रक्कम हंगामाला एकरी ६,००० रुपये झाली आणि लागवडीलायक नसलेली जमीन वगळली गेली. कमाल मर्यादेचा प्रश्न तेवढा एकराच्या बांधावर तसाच बसून आहे.

करदाता आणि लाभार्थी या दोन जातींत रोटीबेटी व्यवहार होऊच शकत नाही असा समज कोणाचा झाला असेल तर त्याने जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या, आता कोमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलेल्या केरामेरी मंडलाच्या सीमेवर जावे. तेथे आणि पलीकडे चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात मिळून महाराजगुडा, परमडोली, मुकादमगुडा अशी चौदा गावे आहेत, ज्यांच्यावर दोन्ही राज्ये हक्क सांगतात. तेथल्या पुष्कळ लोकांकडे दोन रेशनकार्डे आहेत, दोन मतदार याद्यांत नावे आहेत, आणि दोन सरकारे त्यांना लाभार्थी करून घेण्यासाठी चढाओढ करतात, अशी चढाओढ त्यांना करदाता म्हणण्यासाठी कोणी केल्याचे दिसत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये महाराजगुड्यातले एक घर वृत्तपत्रांत झळकले, ज्याच्या मधूनच राज्याची सीमा जाते: काही खोल्या महाराष्ट्रात, काही तेलंगणात, स्वयंपाक तेलंगणात होतो आणि निजायला महाराष्ट्रात यावे लागते. त्या घराची घरपट्टी दोन्ही राज्यांत भरली जाते, आणि योजनांचा लाभही दोन्हींकडून मिळतो. त्या घरात लागणाऱ्या दहा रुपयांच्या साबणातले ४८ पैसे मात्र अंघोळ कोणत्या राज्यात झाली यावर नव्हे, साबण कोणत्या राज्यातल्या दुकानातून आणला यावर वाटले जातात: केरामेरीच्या बाजूने आणला तर २४ पैसे हैदराबादला, जिवतीच्या बाजारातून आणला तर २४ पैसे मुंबईला, आणि राहिलेले २४ पैसे दोन्ही वेळा दिल्लीला.